'आत्ता गं बया'च्या पलीकडचे गणपत पाटील

(आपल्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. जसं बोललो तसंच ठेवलंय, अडखळलो तेवढं फक्त काढून टाकलंय.)

 

कुणी बसमध्ये ऐकत असाल, कुणी जिममध्ये, कुणी रात्री दिवा मालवून उशाशी फोन ठेवून. कुठंही असा, आजची वीस मिनिटं मला द्या. आज एका नटाबद्दल बोलायचंय. आपल्या कोल्हापूरचा नट. पण त्याच्याआधी एक कबुली द्यायची आहे, ती देऊनच सुरुवात करतो.

मी सातवीत होतो. मार्च २००८. धुळवड नुकतीच झाली होती, कानामागचा रंग अजून गेला नव्हता. सकाळी आजोबा पेपर वाचत होते. वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, "गणपत पाटील गेले रे."

मी फिस्सकन हसलो.

आजोबांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "हसाय काय झालं?"

मला सांगता येईना. खरं कारण असं होतं की 'गणपत पाटील' हे कुणा माणसाचं नाव आहे हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं ती शिवी आहे. आमच्या वर्गात एका मुलाला आम्ही त्या नावानं हाक मारायचो. त्याचा आवाज बारीक होता, चालणं जरा वेगळं होतं आणि गॅदरिंगला त्यानं लावणीवर नाच केला होता. झालं! दुसऱ्या दिवसापासनं तो 'गणपत पाटील'. वर्गात शिरला की मागच्या बाकावरनं कुणीतरी गालाला बोट लावून ओरडणार, "आत्ता गं बया!" त्यात मीही असायचो. नुसता असायचो असं नाही, पुढं असायचो.

तर त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हा एक माणूस होता. कोल्हापुरात जन्मला, कोल्हापुरात वाढला आणि २३ मार्च २००८ ला कोल्हापुरातच गेला. आज त्या माणसाची गोष्ट.

फुलं, उदबत्त्या आणि सीता

गणपत पाटलांचा जन्म १९२० च्या सुमाराचा. घरची गरिबी. वडील लवकर वारले. मग पोरगं काय करणार? मोलमजुरी केली. फुलं विकली, उदबत्त्या विकल्या. डोळ्यांसमोर आणा, अंबाबाईच्या या गावात फुलं-उदबत्त्या विकत हिंडणारा एक पोरगा.

पण ते कोल्हापूर आजच्यासारखं नव्हतं बरं का. ते सिनेमाचं गाव होतं. बाबूराव पेंटरांनी इथंच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' आणला. १९२९ साली प्रभात कंपनी सुरू झाली ती याच गावात, पुण्याला गेली ती नंतर. रंकाळ्याकडं शालिनी स्टुडिओ, इकडं जयप्रभा. म्हणजे आज जसं प्रत्येक गल्लीत एक तरी रील बनवणारा सापडतो, तसं तेव्हा कोल्हापुरातल्या गल्लीगल्लीत कुणीतरी स्टुडिओत कामाला असायचं. कुणी सुतार, कुणी शिंपी, कुणी रंगारी, कुणी गर्दीत उभं राहणारा.

आणि उत्सवात मेळे असायचे. मेळा म्हणजे पोरांचं गाणं, नाच, छोटी नाटकं. गणपत पाटील या मेळ्यांत हौसेनं कामं करायचे. त्यात रामायणावरच्या एका नाटकात त्यांनी सीता केली. लोकांना ती सीता फार आवडली.

ही सीता लक्षात ठेवा, तिच्याकडं आपण परत येणार आहोत.

राजा गोसावी, म्हणजे पुढं ज्यांच्या विनोदावर अख्खा महाराष्ट्र हसला ते, त्यांनी या पोराची ओढ ओळखली आणि मास्टर विनायकांच्या कंपनीत त्याला चिकटवून दिलं. तिथं सुरुवातीला नट म्हणून कोण घेतंय? सुतारकाम केलं. रंगभूषेला हातभार लावला. 'बाळ ध्रुव' सिनेमात गर्दीतला एक म्हणून उभे राहिले. कॅमेऱ्यासमोरचं पहिलं काम ते, गर्दीतला एक चेहरा.

मग हळूहळू छोटी-मोठी कामं मिळत गेली. राजा परांजपे, भालजी पेंढारकर अशा मोठ्या माणसांच्या सिनेमात. आणि आता ऐका. या सुरुवातीच्या कामांत खलनायकी भूमिकाही होत्या! गणपत पाटील खलनायक. आज ऐकताना खोटं वाटतं ना? वाटणारच. कारण पुढं जे झालं, त्यानं मागचं सगळं पुसून टाकलं.

एक भूमिका जमली, आणि...

सिनेमाबरोबर नाटक चालूच होतं. कोल्हापूरच्या जयशंकर दानव्यांच्या 'ऐका हो ऐका' या नाटकात त्यांनी बायकी ढंगाचा सोंगाड्या केला. मग 'जाळीमंदी पिकली करवंदं' या नाटकात नाच्या. लोक वेडे झाले. ते बघून सिनेमावाल्यांनी 'वाघ्या मुरळी'त तशीच भूमिका दिली. ती पण गाजली.

आता जरा त्या काळचा धंदा समजून घेऊ, म्हणजे पुढची गोष्ट कळेल.

१९५९ साली अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' आला. पुण्याच्या विजयानंद टॉकीजला तो १३१ आठवडे चालला. आठवडे म्हणतोय मी, दिवस नव्हे. अडीच वर्षं! आज आपला सिनेमा दुसऱ्या शुक्रवारपर्यंत टिकला तरी पेढे वाटतात. त्या एका यशानंतर तमाशापटांची लाटच आली. गावोगावच्या तंबू थिएटरात जत्रेला हेच सिनेमे लागायचे. साचा ठरलेला असायचा. फड, फडाची नायिका, तिच्यावर डोळा असलेला पाटील किंवा सावकार, ढोलकीवाला आणि फडात एक नाच्या.

नाच्या म्हटलं की निर्मात्याच्या डोक्यात एकच नाव. का? कारण पडद्यावर गणपत पाटील आले की शिट्ट्या सुरू. त्यांनी मान वेळावली, हनुवटीला बोट लावलं आणि त्या लांबवलेल्या सुरात "आत्ता गं बया!" म्हटलं की तिकिटाचे पैसे वसूल. 'सवाल माझा ऐका', 'केला इशारा जाता जाता', दादा कोंडक्यांचा १९७१ चा 'सोंगाड्या'... वर्षानुवर्षं हेच.

आता इथं तुम्ही म्हणाल, मग चांगलंच की! काम मिळत होतं, नाव होत होतं.

बरोबर आहे. पण हे बघा. सुतारकाम करून, रंग लावून, गर्दीत उभं राहून एक माणूस नट झाला. खलनायक केला, सोंगाड्या केला. आणि एक भूमिका इतकी चांगली वठवली की त्यानंतर दुसरं काही द्यायला कुणी तयार होईना. म्हणजे कामात कमी पडला म्हणून नव्हे, काम फार चांगलं केलं म्हणून अडकला. हे किती विचित्र आहे!

तुमच्यातली जी मंडळी रील बनवतात त्यांना हे लगेच कळेल. एक रील चालतं, दहा लाख लोक बघतात. मग तुम्ही काही वेगळं टाकलं की खाली कमेंट येते, "भावा, ते जुनं टाक की." एकदा, दोनदा, शंभरदा. तुम्ही निदान दुसरं अकाउंट काढू शकता. गणपत पाटलांना चेहरा एकच होता.

पडद्याखाली उतरल्यावर

पण नुसतं कामात अडकण्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. खरं दुखणं पुढं आहे.

लोकांना वाटायला लागलं की हा माणूस मुळातच तसा आहे.

लग्न झालेला, बायको-मुलं असलेला, संसार करणारा माणूस. पण बाहेर पडला की टिंगल. लोकांना त्यांच्या संसारावर विश्वासच बसायचा नाही. मुलांच्या सोयरिकीची वेळ आली तेव्हाही हा संशय आडवा आला, असं त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी वारंवार लिहिलंय. कल्पना करा. तुम्ही दिवसभर राबून घरी येता आणि तुमच्या कामाची शिक्षा तुमच्या पोरांना होते.

आणि गंमत बघा. नटाला भूमिका चिकटणं हे काय नवीन नाही. आपल्याच कोल्हापूरचे चंद्रकांत आणि सूर्यकांत मांढरे. शिवाजी महाराज, संभाजी महाराज अशा भूमिका त्यांनी केल्या. त्या भूमिकांचं तेज त्यांच्याबरोबर रस्त्यावर आलं, लोकांनी मान दिला. राजारामपुरीत चंद्रकांत मांढऱ्यांच्या राहत्या घरी आज त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे. मिळालंच पाहिजे होतं, मोठा नट आणि मोठा चित्रकार होता तो.

दुसरीकडं निळू फुले. पडद्यावर इतका नीच माणूस रंगवला की बाया खऱ्याखुऱ्या शिव्या घालायच्या. पण तो राग होता. आणि रागाचं एक बरं असतं, तो कधीतरी निवळतो. लोकांना कळलं की हा राष्ट्र सेवा दलात घडलेला साधा, सज्जन माणूस आहे, मग त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं.

हसण्याचं तसं होत नाही. राजा केला तर मुजरा, खलनायक केला तर शिव्या आणि मग प्रेम. नाच्या केला तर हसणं, आणि ते हसणं घरापर्यंत मागं येतं.

मग सीतेला का नाही हसले?

आता त्या सीतेकडं येऊ.

मेळ्यात सीता केली तेव्हाही तो पुरुषच होता ना? साडी तेव्हाही नेसली असेल, आवाज तेव्हाही बारीक काढला असेल. तेव्हा लोक म्हणाले, वा, काय सीता केली! मग नाच्याला वेगळा न्याय का?

बालगंधर्वांचं बघा. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. आयुष्यभर स्त्री भूमिका केल्या. भामिनी, रुक्मिणी, सिंधू. त्यांची साडी नेसायची पद्धत बघून घरंदाज बायका तशी साडी नेसायच्या. १९६४ साली पद्मभूषण. पुण्यात त्यांच्या नावाचं नाट्यगृह. आपल्या कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह घ्या, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं तेव्हा अख्खं गाव रडलं. ते केशवराव भोसले लहानपणी पहिल्यांदा गाजले कशात? 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेत. मुलीच्या.

म्हणजे पुरुषानं बाई साकारणं याची महाराष्ट्राला लाज कधीच नव्हती. उलट अभिमान होता.

फरक कुठं आहे? माझ्या मते दोन ठिकाणी. पहिला, संगीत नाटक बघायला कोण बसायचं आणि तमाशा बघायला कोण बसायचं, यात. एकीकडं शालू आणि अत्तर, दुसरीकडं जत्रेतली धूळ. तमाशा राबणाऱ्या लोकांचा, गावकुसाबाहेरच्या जातींनी जगवलेला. तमाशातल्या कलावंताला शालजोडी कधी मिळाली नाही, मग तो बाई असो की पुरुष.

दुसरा फरक असा. बालगंधर्व पूर्ण बाई व्हायचे. नाच्या मधेच उभा असतो. पुरुषाचं शरीर, बाईचा ढंग. खरं तर तमाशात ही जागा फार जुनी आहे. बायका फडात यायच्या आधी पोरंच नाचायची. आजही गण झाला की गौळण येते आणि त्या गौळणीत मावशी असते, ती पुरुषच करतो. ती मावशी साक्षात कृष्णाची फिरकी घेते! ती हुशार असते, हजरजबाबी असते, तिच्याकडं शब्द असतात. सिनेमानं काय केलं? त्या जागेतली हुशारी कमी केली आणि नुसतं हसं ठेवलं. हसायचं कुणाला, तर बायकी पुरुषाला. विनोद म्हणजे एवढाच.

जरा लांब जाऊन येऊ. जपान. तिथं काबुकी नावाचं जुनं नाटक आहे. १६२९ साली तिथल्या सरकारनं बायकांना रंगमंचावर बंदी केली, मग पुरुषच स्त्री भूमिका करायला लागले. अशा नटाला तिथं 'ओन्नागाता' म्हणतात. आजच्या काळातलं त्यातलं सगळ्यात मोठं नाव बांदो तामासाबुरो, जन्म १९५०. रंगमंच गाजवला, सिनेमातही कामं केली. २०१२ साली जपान सरकारनं त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. जिवंत असताना! राष्ट्राचा ठेवा!

आणि आमच्याकडं तशाच कसबाच्या माणसाचं नाव शाळेतल्या मागच्या बाकावर शिवी झालं. पुरस्कार मिळालेच नाहीत असं नाही, उतारवयात सत्कार झाले. पण ते शाल-श्रीफळ एका संध्याकाळचं. गल्लीतलं हसणं रोजचं.

गुणा कागलकर

१ जानेवारी २०१० ला 'नटरंग' आला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलाय, निदान अजय-अतुलची गाणी तरी पाठ आहेत. रवी जाधव यांचा सिनेमा, अतुल कुलकर्णी गुणा झालेत, आणि मूळ कादंबरी आनंद यादवांची. यादव कागलचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. गुणा पैलवानी अंगाचा शेतमजूर. त्याला तमाशात राजा व्हायचं असतं. फड उभा राहतो, पण नाच्या मिळत नाही. मग तो स्वतःच नाच्या होतो. त्यानंतर गाव त्याचं काय करतं, घर त्याचं काय करतं, ते तुम्ही बघितलंय.

सिनेमा आला तेव्हा बऱ्याच जणांना गणपत पाटील आठवले. ती गोष्ट त्यांची नाही, ती कादंबरी आहे. पण दुखणं एकाच घरातलं आहे. थिएटरात आम्ही सगळे गुणासाठी रडलो. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि ज्या माणसानं ते सगळं खरोखर सोसलं होतं, तो पावणेदोन वर्षं आधी गेला होता. पेपरात बातमी आली, आणि मी हसलो होतो.

तो मुलगा

आता शेवटचं. हे सांगू का नको असा विचार करत होतो. पण ज्याचं आहे त्याला विचारलं, तो म्हणाला, "सांग. फक्त नाव नको."

तो वर्गातला मुलगा. दोन वर्षांपूर्वी महाद्वार रोडवर भेटला. दिवाळीची गर्दी होती. त्यानंच मला ओळखलं. आता पुण्यात नोकरी करतो, छान चाललंय त्याचं. आम्ही चहा घेतला. मी जरा आढेवेढे घेत म्हणालो, "शाळेत आम्ही तुला लई त्रास दिला बघ."

तो म्हणाला, "तू एकटा नव्हतास. मास्तर पण हसायचे."

मी गप्प. मग तो म्हणाला, "एक विचारू? ज्याचं नाव घेऊन मला चिडवायचास, त्याचा एक तरी पिक्चर बघितलायस का तू?"

नव्हता बघितला. एकही नाही.

तो म्हणाला, "मी बघितलेत. शाळा सोडल्यावर बघितले. म्हटलं बघू तरी मला काय म्हणत होते. आणि खरं सांगू, मला तो माणूस लई आवडला. त्या फ्रेममध्ये नायिका असती, हिरो असतो, पण माझी नजर त्याच्यावरनं हलायची नाही. म्हटलं, एवढा भारी नट आहे, मग मला वाईट का वाटायचं?"

त्यानं पुढं हेही सांगितलं की त्या गॅदरिंगनंतर तो परत कधी नाचला नाही. एवढं बोलून त्यानं चहाचे पैसे दिले. मला देऊ दिले नाहीत.

त्या रात्री घरी येऊन मी पहिल्यांदा 'सोंगाड्या' लावला, मग एकेक करून बाकीचे शोधले. शिव्या-शिट्ट्या डोक्यातनं काढून बघितलं. आणि मंडळी, तो माणूस टायमिंगचा बादशहा आहे. बोलायच्या आधी किती थांबायचं, मान किती वळवायची, समोरच्याचं वाक्य पडू द्यायचं की मधेच उचलायचं, हे सगळं मापात. हे अंगात असून होत नाही. मेहनतीनं होतं. सुतारकाम केलेल्या माणसाचं माप आहे ते.

मी हेही म्हणणार नाही की ते सगळे विनोद आज जसेच्या तसे चालतील. काही ठिकाणी मला अवघडल्यासारखं झालं. आपण बदललोय. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली, २०१८ साली ३७७ कलमाचा निकाल आला. कायदा पुढं गेला. पण शाळेच्या मागच्या बाकावर अजून काय चालतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आता तर ते बाकावर थांबत नाही, ग्रुपवर जातं, स्टिकर होऊन फिरतं.

आणि एक गोष्ट मला नीट बोलायची आहे. 'गणपत पाटील तसे नव्हते हो, संसारी होते' एवढं म्हणून मी थांबलो तर ते अर्धवट होईल. कारण समजा असते तसे, तर? मग हसणं बरोबर ठरलं असतं का? माझा वर्गमित्र कसा आहे हे मी त्याला विचारलं नाही, आणि मला विचारायची गरजही नाही. तो उत्तम नाचायचा, हे मला माहीत होतं. आणि आम्ही ते बंद पाडलं.

तर आज तुमच्याकडं तीन मागण्या. एक, त्यांचा कुठलाही एक सिनेमा बघा, मोबाईलवर सापडतात. हसू आलं तर हसा, मनापासनं हसा, विनोदी नटाला तेच हवं असतं. पण त्याच्या कामाला हसा. दोन, घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा गणपत पाटलांबद्दल, आणि जे सांगतील ते व्हॉइस नोट करून मला पाठवा, पुढच्या एखाद्या भागात लावू. आणि तीन, वर्गात, हॉस्टेलवर, ऑफिसात कुणाला तसल्या नावानं हाक मारत असाल तर आज रात्री त्याला एक मेसेज टाका. लांबलचक नको. मला सोळा वर्षं लागली, तुम्ही लवकर करा.

हा भाग त्याच्यासाठी होता. तो ऐकतोय, मला माहितीय. भावा, पुढच्या वेळी चहाचे पैसे मी देणार.

चला, येतो. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात.